डॉक्टरांना न आवडलेला चांगला रिपोर्ट

आमच्या खोलीची फरशी खालून तापायची. बंगळूरच्या जुन्या सोनार बाजारात खाली गलाईचं दुकान आणि वर माळ्यावर आम्ही, असा आमचा संसार होता. खालच्या भट्टीचा धूर जिन्यातून वर यायचा आणि तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास कपड्यांत, अंथरुणांत, भाकरीच्या पिठातसुद्धा बसायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाकाला रुमाल लावायची. मी घरी येऊन रडले तर आई म्हणायची, "सोन्याचा वास हाय म्हणावं. तिच्या बापाच्या अंगाला येतो का?"

गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं, मिसळीचं सोनं वितळवून शुद्ध करून देणं. आमच्या दुष्काळी तालुक्यातली माणसं ह्या कामासाठी देशभर पांगली आहेत. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, थोरल्या भावाचा हात धरून बंगळूरला आले ते भट्टीपुढेच बसले. ह्या कामातली एक गोष्ट मला लहानपणी फार आश्चर्याची वाटायची. सोनं शुद्ध करायचं, तर आधी त्यात चांदी घालायची! सोन्यापेक्षा चांदीच जास्त. दोन्ही एकत्र वितळवायचं आणि मग तेजाबात उकळायचं. सोन्यातली भेसळ थोडी असेल तर तेजाब आत शिरतच नाही. भरपूर चांदी मिसळली की तेजाब ती खात खात आत जातं, बाकीची घाणही नेतं आणि मागे निव्वळ सोनं उरतं. नवखं गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं आणि आप्पांनी मुशीत चांदी टाकली, की ते ओरडायचंच. आप्पा चिमटा न सोडता म्हणायचे, "गप बसा. तेजाबाला खायला कायतरी लागतंय."

दुकान थोरल्या आबांचं, म्हणजे आप्पांच्या भावाचं. मी दहावीत असताना ते भट्टीपुढे बसल्या बसल्या गेले. छातीवर हात ठेवला, "पाणी" म्हणाले आणि आडवे झाले. पाणी आप्पांच्याच हातात होतं. त्यानंतर दुकान आबांच्या मुलाकडे गेलं. तो माझा चुलतभाऊ, पण वयाने पुष्कळ मोठा, सगळे त्याला दादा म्हणत. आप्पा तिथेच कामाला राहिले. माळ्यावर आता राहायचं नाही असं आईने ठरवलं आणि आम्ही राजाजीनगरात एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत गेलो. बारावीनंतर मी मल्लेश्वरमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं तोवर कुणी नव्हतं. आई तर कधी शाळेतही गेलेली नव्हती.

दुसऱ्या वर्षाला असताना आप्पांना बसस्टॉपवर छातीत कळ आली. थोडे थांबले आणि ती गेली. पण त्यांच्या डोळ्यांसमोर थोरले आबा उभे राहिले. मल्लेश्वरमला एक हृदयाचे डॉक्टर होते, उंच, थोडे वाकलेले, कन्नड बोलणारे. ते आईला अम्मा आणि आप्पांना यजमानरे, म्हणजे मालक, म्हणायचे. त्यांनी तपासलं, रक्त तपासायला सांगितलं, भावाचं कसं झालं ते विचारून घेतलं. कोलेस्टेरॉल फार होतं. त्यावर एक नवी गोळी नुकतीच आपल्याकडे मिळायला लागली होती. ती त्यांनी लिहून दिली आणि पथ्य सांगितलं: तेल कमी, तूप नको, अंड्याचा बलक नको, खोबरं-शेंगदाणे स्वल्प.

"स्वल्प" हा शब्द आमच्या घरी आला आणि त्याचं "बंद" झालं. आप्पांनी मनावरच घेतलं. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आमच्याकडे भाजी होते हे आईला माहीतच नव्हतं, तरी तिने करून दाखवलं. वांगं भाजून, मीठ-मिरची लावून. आमटीला कोरडी फोडणी. तव्यावर जिरं-लसूण नुसतं भाजायचं आणि आमटीत टाकायचं, चर्र आवाजसुद्धा यायचा नाही. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, "आई, आमटी झोपलीय." पण एका घरात दोन स्वयंपाक तिने केले नाहीत. "त्यांनी कोरडं खायचं आन् आपण त्यांच्याम्होरं तुपाचा भात? मला जमायचं न्हाय," म्हणाली. तिचं हे मला अजून मोठं वाटतं.

गोळी आप्पांनी देव्हाऱ्यात ठेवली. खरंच. देवाशेजारी, हळदी-कुंकवाच्या डब्यामागे. संध्याकाळी दिवा लागला की जेवायचं आणि नमस्कार करून गोळी घ्यायची. एकदाही चुकली नाही. आबांना ही गोळी मिळाली असती तर, असं ते बोलायचे नाहीत, पण मनात तेच असायचं.

वर्षभराने आप्पा बारीक दिसायला लागले. बेताचं पोट होतं ते गेलं, विजारीला नाडी आवळून बांधायला लागली. सगळ्यांनी कौतुक केलं. दादा दुकानात म्हणाला, "काका, तुम्ही तर नवरदेव दिसाय लागला." घरमालकीण अक्का आईला म्हणाली, "तुझ्या हाताला यश आहे गं." आईही सुखावली. तेल न घालता सांभाळलेलं सगळं घर तिला त्या सैल विजारीत दिसत असणार.

खोकला होता. पण खोकला कुठल्या गलाईवाल्याला नसतो? तेजाबाची वाफ, कोळशाचा धूर, सगळेच खोकतात. भट्टी विझली की प्रत्येकाने गुळाचा खडा तोंडात टाकायचा, ही आमच्या लोकांची जुनी रीत. गूळ घसा धुतो म्हणतात. आप्पांचा खडा मोठा होत गेला, एवढंच. संध्याकाळी अंग कणकण करायचं ते भट्टीच्या उष्णतेचं आणि जेवण जात नव्हतं ते पथ्याचं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे आधीच उत्तर तयार होतं.

मग वर्षाची तपासणी झाली. रिपोर्ट मीच वाचून दाखवला, कारण इंग्रजी वाचणारी घरात मीच. कोलेस्टेरॉल नुसतं उतरलं नव्हतं, पार तळाला गेलं होतं. मी ओरडलेच. आईने देवापुढे साखर ठेवली. भाऊ जिलबी घेऊन आला. आप्पांनी फक्त वास घेतला आणि "तुमीच खावा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे निघालो. आप्पांनी ठेवणीतली टोपी घातली होती. बक्षीस घ्यायला निघाल्यासारखे दिसत होते.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. पुन्हा पाहिला. जुना रिपोर्ट काढून शेजारी ठेवला. आम्ही ते कधी हसतात त्याची वाट बघत होतो.

"यजमानरे," ते म्हणाले, "हा रिपोर्ट मला आवडला नाही."

आप्पांना वाटलं आपल्याला कन्नड नीट कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, कमी झालंय ना?" मी विचारलं.

"फार कमी झालंय. माझी गोळी चांगली आहे, पण एवढी हुशार नाही." त्यांनी आप्पांना वजनकाट्यावर उभं केलं, मग खाटेवर बसवून पाठीला स्टेथोस्कोप लावला. "श्वास घ्या." आप्पांनी घेतला आणि खोकला सुरू झाला. "हा किती दिवस?"

"हा धंद्याचा खोकला, सार. आमच्यात सगळ्यांनाच असतो."

"आणि वजन?"

"पथ्य, सार."

डॉक्टरांनी आईकडे मान वळवली. "अम्मा, पथ्याने वजन उतरतं. पण रात्रीचा घाम येतो का?"

आईचं कन्नड भाजीबाजारापुरतं होतं, पण घाम तिला कळला. ती माझ्याकडे बघून मराठीतच बोलली, "सांग त्यास्नी. बनियन पिळून निघतंय. मला वाटलं, गोळीनं चरबी पाझरतीया."

मी सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, "त्यांना वाटलं ते काही वेडं नाही. अम्मांनी पाहिलं तरी. मी एवढा वेळ नुसता कागद पाहत होतो."

मी पुढे पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण आपल्याच औषधाला आलेलं यश समोर आणून ठेवलं असताना ते उचलून बाजूला ठेवणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. जिलबी खाल्लेल्या घरातली मी. मला ते फार लागलं आणि फार आवडलंही.

छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी झाली. क्षय निघाला. टीबी. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की क्षय अंगात मुरला की माणूस आतून झिजतो, आणि त्या झिजेत रक्तातलं कोलेस्टेरॉलही खाली येतं. आम्ही ज्यासाठी जिलबी खाल्ली, ती रोगाची खूण होती. माझ्या अभ्यासक्रमात कोलेस्टेरॉलवर एक अख्खा धडा होता, त्यात हे नव्हतं. त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या क्षयाच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. दोघं बराच वेळ बोलले. मग आप्पांना म्हणाले, "आता माझी गोळी बंद. क्षयाच्या औषधांत एक लाल कॅप्सूल असेल. ती यकृताला असं कामाला लावते की माझी गोळी अंगात टिकणारच नाही. शिवाय बाकीच्या औषधांचाही यकृतावर भार असतो. त्यावर माझा कशाला? आधी हा रोग काढू. छातीकडे माझं लक्ष आहे, कळ आली तर लगेच या. आणि पथ्यही बंद. अंडी खा, दूध घ्या, शेंगदाणे खा. सरी?"

आप्पा "सरी", म्हणजे बरं, म्हणाले. पण आप्पांचं "सरी" आम्ही ओळखत होतो. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की ते असंच "सरी" म्हणायचे आणि आपल्याला हवं तेच करायचे.

घरी आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि सांगून टाकलं, "क्षयाची औषधं घेतो. पण ही गोळी सोडायची न्हाय. अंडी-बिंडी तर न्हाईच."

"डॉक्टरनं सांगितलंय आप्पा," मी म्हणाले.

"कुठल्या डॉक्टरनं? ह्यानंच सांगितलं हुतं, खाऊ नका, मरशीला. आता म्हणतोय खावा. आबा खोकून मेला का? न्हाय. आबा छातीनं गेला. माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं. क्षयाला माणूस महिनोन् महिने काढतोय, काळजाला पाणी प्यायलाबी येळ मिळत न्हाय."

मी त्यांना पुस्तकातलं सांगायला लागले. यकृत, चयापचय, लाल कॅप्सूल. आप्पा ऐकून घेत होते, मुलगी शिकली ह्याचा त्यांना आनंदच होता, पण हातात देव्हाऱ्यातली ती गोळ्यांची पट्टी घट्ट धरलेली. क्षयाची औषधं सुरू झाली, लाल कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी आणि बाकीचा मूठभर गोळ्यांचा ढीग. तरी जेवण तेच, कोरडी आमटी आणि अर्धी भाकरी. त्यावर संध्याकाळची गोळीही चालूच. आठवडाभरात त्यांना मळमळायला लागलं. ताटावर बसायचे आणि उठायचे. गालाची हाडं वर आली. मला रात्रंदिवस एकच भीती वाटायची, की हा माणूस काळजाला जपता जपता क्षयाने जाईल आणि आपण सगळे औषधांच्या ढिगाशेजारी बसून बघत राहू.

त्या रविवारी आईने अंडं उकडलं. सोललं, मीठ लावलं आणि आप्पांच्या ताटात ठेवलं. आप्पांनी ताट सरकवलं.

"जे अंगातनं काढायचं, तेच घालाय लावतोय त्यो," ते म्हणाले. "ह्याला अक्कल म्हणायची?"

आई समोर बसली. पदर खोचला. "आवं, दुकानात तुमी काय करता वो?"

"काय करतो म्हणजे?"

"सोनं शुद्ध कराय माणूस येतोय. तुमी त्याच्याम्होरं त्यात चांदी घालता. त्यो बोंबलतोय का न्हाय?"

आप्पांनी मान फिरवली.

"बोंबलतोय. मग तुमी काय सांगता?"

आप्पांनी माझ्या भावाकडे पाहिलं. भाऊ तोंडावर हात धरून हसत होता.

"तेजाबाला खायला कायतरी लागतंय, असं सांगता," आईच म्हणाली. "ही औषधं म्हणजे तेजाब हाय. तुमच्या अंगात काय ऱ्हायलंयच न्हाय. मग तेजाब कुणाला खाणार? तुमालाच. आदी चांदी घाला. रोग निघू द्या. मग उरल्यालं सोनं त्या डॉक्टरला दावू, त्याला काय गोळी द्यायची ती देऊ दे."

"आगं पर काळीज..."

"आज तुमी गिऱ्हाईक हाय," आई म्हणाली. "गप बसा."

आप्पांनी अंड्याकडे पाहिलं. मग हसले. खोकला येईपर्यंत हसले. त्यांच्या हयातीतलं कुठलंही गिऱ्हाईक ह्या वाक्यापुढे टिकलं नव्हतं, ते स्वतः तरी कसे टिकणार? त्यांनी अंडं उचललं, दोन घासांत संपवलं. देव्हाऱ्यातली पट्टी काढून माझ्याकडे दिली. "तुझ्या डॉक्टरला नेऊन दे. म्हणावं, बंद."

मी ती नेऊन दिली आणि आईने काय सांगितलं तेही सांगितलं. डॉक्टरांना गलाईची रीत माहीत नव्हती. मला त्यांनी ती पहिल्यापासून सांगायला लावली, चांदी किती घालतात, तेजाब कसं घालतात. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं सांगितलंय अम्मांनी." मळमळीचं ऐकून त्यांनी लगेच यकृत तपासायला लावलं. थोडा ताण होता, फार नव्हता. सरकारी डॉक्टरांनी त्यावर नजर ठेवली आणि औषधं चालू राहिली.

पुढचे महिने सोपे नव्हते. लाल कॅप्सूलने लघवी नारिंगी व्हायची. आयुष्यभर तेजाबाचे रंग बघितलेल्या आप्पांना ते भलतंच रंजक वाटलं. "तांबं आलं की तेजाब हिरवं हुतंय," ते दादाला सांगायचे, "ह्ये नारिंगी म्हंजे कुठला धातू रं?" दुकानातून तात्पुरती सुट्टी होती. घरी आई गावाकडची चटणी कुटायची, जाड शेंगदाण्याची, आणि आमटीला पुन्हा चर्र आवाज यायला लागला. दादा एकदा बघायला आला तेव्हा आईला म्हणाला, "काकी, पोरीचं कॉलेज थांबवा आता, घरात बघाय कुणीतरी पायजे." आई काही बोलायच्या आत आप्पा खाटेवरून म्हणाले, "तिचं कॉलेज माझ्या औषधाबरोबर संपणार. मधी कुणी थांबवायचं न्हाय." दादा ओशाळला. पण जाताना त्यानेच अंड्यांचा ट्रे आणून दारात ठेवला आणि पुढे दर आठवड्याला ठेवत गेला. त्याचंही मोठेपण सांगायलाच हवं.

डॉक्टरांनी आम्हा तिघांची तपासणी करायला लावली. आम्ही ठीक निघालो. मग दुकानातल्या सगळ्यांची करा म्हणाले. दादा आधी टाळत होता, लोक घाबरतील, गिऱ्हाईकं जातील. आप्पांनी एकेकाला स्वतः समजावलं. एका तरुण कारागिराला लागण झालेली निघाली, अगदी सुरुवातीलाच. तोही गुळाचे खडेच चघळत होता.

हळूहळू आप्पांच्या विजारीची नाडी सैल करावी लागली. ताप गेला. आधी थुंकी स्वच्छ निघाली, तरी औषध एकही दिवस सोडलं नाही. थोरल्या आबांच्या आठवणीने जी शिस्त त्यांनी एका गोळीला लावली होती, ती त्यांनी आता मूठभर गोळ्यांना लावली. आप्पांसारखा माणूस, ज्याने स्वतःच्या भीतीविरुद्ध घास गिळले, मी तरी दुसरा पाहिला नाही.

औषध संपल्यावर आम्ही पुन्हा मल्लेश्वरमला गेलो. रक्ताचा रिपोर्ट मीच वाचला. कोलेस्टेरॉल पुन्हा वर गेलं होतं, पहिल्याइतकंच जवळजवळ. मी चाचरत डॉक्टरांच्या हातात दिला. ते वाचून हसले, ह्या वेळी पहिल्यांदा.

"हा मला आवडला. हे तुमचं खरं कोलेस्टेरॉल, यजमानरे. आता ह्याच्याशी भांडता येईल." थोडे दिवस जाऊ दिले, लाल कॅप्सूलचा अंगातला जोर ओसरू दिला, यकृत तपासलं आणि मग त्यांनी पुन्हा तीच गोळी लिहून दिली. पथ्यही सांगितलं, पण ह्या वेळी "स्वल्प" म्हणजे काय ते आईला चमचा दाखवून सांगितलं. घरी आल्यावर आप्पा पट्टी देव्हाऱ्यात ठेवायला गेले. आईने ती काढून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. "औषध हाय ते. देव न्हाय," म्हणाली.

आप्पा पुन्हा भट्टीपुढे बसले नाहीत. दादाने त्यांना दुकानात पुढे सोनं पारखायला बसवलं. भट्टीवर धूर ओढणारा मोठा पंखा बसला आणि आमच्या दुकानात खोकल्याला कुणी धंद्याचा म्हणेनासं झालं. पंधरवड्यापेक्षा जास्त खोकला तर आप्पा स्वतः माणसाला दवाखान्यात घेऊन जायचे.

त्याच उन्हाळ्यात माझा निकाल लागला. आप्पांचा क्षय पूर्ण बरा झाला होता, आणि मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाले.